उत्तरपायरीवरील सात आकडी सदऱ्यांची हकीकत

श्री. आधी मैदानाच्या मातीस नमस्कार, मग त्या मातीत पडून गुडघे फोडून घेणाऱ्यांस नमस्कार, आणि मग पायऱ्यांवर बसून त्यांस शिव्या देणाऱ्या व तेच हरले म्हणजे घरी जाऊन न जेवणाऱ्या सर्वांस नमस्कार. शके अठराशे सदुसष्ट, पार्थिव नाम संवत्सरे, पौष मासी या राज्यात फुटबॉलाच्या मैदानावर जो बखेडा जाहला, त्याची हकीकत आपण विचारली, ती डोळ्यांनी पाहिली तशी लिहितो. लिहिणाऱ्याने जन्मभर पाणीखात्यात चाव्या फिरविल्या. अलंकार येत नाहीत. उणेअधिक दिसेल ते आपण सांभाळून घ्यावे.

राज्यात पेठा सात, आणि दर पेठेचा एक संघ, आणि संघात पगारी खेळाडू, आणि त्यांचा खेळ पाहावयास सारे शहर. आमच्या पेठेची माणसे मैदानाच्या उत्तरेस दगडी पायऱ्यांवर बसत, म्हणून आम्हास उत्तरपायरी म्हणत. पायरीचे म्होरके राऊबा हलगीवाले. छाती पिंपासारखी, आवाज त्याहून मोठा, आणि गळ्यात हलगी, ती गोल झाला म्हणजे वाजे आणि न झाला तरी वाजे. खेळाआधी महाराजांचे बँडवाले राज्याचे गीत वाजवीत, आणि सर्वांनी टोप्या काढून उभे राहावे अशी चाल होती. आणि आमच्या पायरीची त्यात आणखी एक चाल होती, ती दुसऱ्या कोणत्या पायरीस नव्हती. म्हातारपणाने, आजाराने ज्यास उभे राहवत नाही, त्याने खुशाल बसावे, आणि शेजाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, म्हणजे तो माणूस उभाच आहे असे सर्वांनी धरावे. ही चाल कोणी घातली ते ठाऊक नाही, परंतु मोडलेली कोणी पाहिली नाही.

आमचे कुटुंब आनसाबाई. एकतीस वर्षे आम्ही दोघे त्या पायरीवर जोडीने बसलो, आमच्या डावीकडे ती आणि तिच्या डावीकडे राऊबा. शेवटली दोन वर्षे तिचे गुडघे गेले होते. गीत लागले की आम्ही उभे राहत असू, आणि ती बसून असे, आणि राऊबा एक हात तिच्या खांद्यावर ठेवून, मान ताठ करून गात. ती हळूच म्हणे, "राऊभावजी, हात ठेवा, भार टाकू नका." आणि राऊबा गीत न थांबविता हात उचलून पुन्हा हलका ठेवीत.

आता सदऱ्यांचे सांगतो. संघात सात आकड्याचा खेळाडू कृष्णात, नदीवेशीचा, पायाने असा हलका की चेंडू त्यास विचारून चाले. आनसाबाईचा त्याजवर फार जीव. तिने आपले हिरवे लुगडे फाडले, आणि त्यातून साताचे आकडे कापून पायरीवरच्या सर्वांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठीवर शिवले, आणि गळपट्टी मानेस खरखरू नये म्हणून आतून त्याच लुगड्याची पट्टी लावली. एक नव्हे, दोन नव्हे, चाळीस सदरे. एकेचाळिसावा तिचा स्वतःचा. आमचा मागाहून शिवीन म्हणाली, तो राहूनच गेला. कार्तिक वद्य पक्षात ती गेली. सदरा खुंटीवर राहिला. आम्ही तो धुतला नाही.

मग पौषात पहिला सामना आला. आम्ही एकटेच जाऊन बसलो, आणि डावीकडची जागा पायरीवाल्यांनी कोणास बसू न देता रिकामी ठेविली होती. बँड लागला, टोप्या निघाल्या, आणि पाहतो तो मैदानात दहाजण उभे आणि कृष्णात एक गुडघा मातीत टेकून, मान खाली घालून बसलेला. प्रथम सर्वांस वाटले पाय मुरगळला. मग दक्षिणेकडून कोणी ओरडले की हा मुद्दाम बसला, गीताचा अपमान केला, आणि मग जे जाहले ते लिहिताना हसूही येते आणि लाजही वाटते. राऊबांनी हलगी कडाडविली, आणि शिट्ट्या जाहल्या, आणि थाळ्या वाजल्या, आणि "ऊठ, ऊठ" असा कल्लोळ इतका जाहला की बँडवाले गाल फुगवून वाजवीत आहेत एवढे दिसे, परंतु सूर एकही कानी येईना. गीत केव्हा संपले ते कोणास कळले नाही. बँडवाल्यांनी वाद्ये खाली ठेविली तेव्हा कळले.

आमच्या मागे गुंडोपंत मास्तर बसत. ते म्हणाले, "राऊबा, गीताचा अपमान झाला खरा. पण तो त्याने केला की आपण? त्याच्याकडून तर आवाजसुद्धा आला नाही."

राऊबा म्हणाले, "मास्तर, शाळा इथं भरवू नका. उभं ऱ्हायचं म्हंजे ऱ्हायचं."

"आनसाबाई बसत होत्या की."

"वैनीचं गुडघं गेल्तं. याचं धडधाकट हाईत. मैदानभर बोकडागत पळतोय. याच्या खांद्यावर कुणी हात ठेवायचा?"

मास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. आम्ही त्यांची बाजू घेतली नाही. खोटे कशास लिहा, कृष्णाताचे बसणे आम्हासही आवडले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी तोच आमचे घरी आला. आनसाबाई गेली त्या दिवसांत संघ परगावी होता, म्हणून भेटावयाचे राहिले होते. येऊन खाली जमिनीवरच बसला, आणि खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "काका, पायरीवरची माणसं शिव्या देत्यात त्याचं काय न्हाई. पाच वर्सं खातोय. पण काकी असती तर काय म्हणाली असती, तेवढं सांगा."

आम्ही म्हटले, "आधी जेव म्हणाली असती."

मग आम्हीच थापलेली वाकडी भाकरी आणि झुणका त्याने खाल्ला, आणि खाताना सांगितले ते असे. नदीवेशीचा नामा नावाडी, यास पोलिसांनी दोराच्या चोरीच्या संशयावर चौकीत नेला, आणि तिसरे दिवशी घरच्यांस बोलावून त्याचे प्रेत दिले, आणि पुसता म्हणाले की तापाने गेला. पाठीवर वळ होते. नदीवेशीच्या लोकांनी दरबारात तीन वेळा अर्ज दिला. उत्तर आले नाही. "मला नाव वल्हवायला त्यानं शिकवलं," कृष्णात म्हणाला. "सगळं राज्य एका जागी, एका येळंला गप्प असतंय, ते गीताच्या येळंलाच. एरवी आमच्याकडं कोण बघतंय? मी गीतावर रागावलो न्हाई, काका. गीत माझंबी हाय. परकं असतं तर तिथं कशाला बसलो असतो?"

आम्ही म्हटले, "मला हे सगळे पटले असे नाही."

तो म्हणाला, "पटू दे न पटू दे. काकीनं निदान ऐकून घेतलं असतं."

ते खरे होते. ती प्रत्येकाचे ऐकून घेई, आणि मग आपलेच करी.

दुसऱ्या सामन्यासही तो तसाच बसला, आणि कल्लोळही तसाच जाहला, आणि गीत तसेच बुडाले. मग राऊबांनी तालमीत बैठक घेतली आणि हुकूम काढिला की येत्या शनिवारी दिवस मावळता उत्तरपायरीमागील पटांगणात सात आकड्याचे सर्व सदरे जाळावे, आणि जो आणणार नाही त्याने पायरीवर पाऊल ठेवू नये. सर्वांनी माना डोलविल्या. आम्हाकडे कोणी पाहिले नाही.

ते चार दिवस आम्हास फार जड गेले. सदरा खुंटीवरून काढावा, पुन्हा लावावा, असे चालले. न द्यावा, तर पायरी जाते, आणि पायरी गेली म्हणजे तिच्या शेजारची जागा जाते. एकतीस वर्षांत घरात आम्ही जितके बोललो नसू तितके त्या दगडावर बोललो. द्यावा, तर तिच्या हातचे आणि अंगावरचे जे एक उरले ते जाते. घर तर रिकामे जाहलेच होते, आता पायरीही जाऊ नये असे वाटले. शेवटी तिला मनातल्या मनात विचारले. शनिवारी सदरा घडी करून काखेत घेतला आणि गेलो.

पटांगणात लाकडे रचली होती आणि पेठ गोळा जाहली होती. प्रत्येकाच्या काखेत बोचके, परंतु कोणी उलगडून दाखवीना, आणि जो तो दुसऱ्यास म्हणे, तू आधी. राऊबांनी आपले बोचके प्रथम टाकिले, दुरूनच, आणि झटकन. मग बाकीच्यांची पडली. आमची पाळी आली तेव्हा राऊबांनी हात पुढे केला, आणि आम्ही सदरा त्यांच्या हाती दिला, आणि त्यांचा अंगठा गळपट्टीच्या आत गेला, आणि हिरव्या पट्टीवर थांबला. मग त्यांनी आमचे तोंडाकडे पाहिले.

"हा खरा आणलासा व्हय?" ते हळू म्हणाले.

आम्हास त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. "हुकूम होता," आम्ही म्हटले.

राऊबांनी सदरा पुन्हा घडी केला, आणि सर्वांस ऐकू जाईल असे म्हणाले, "हा वला हाय. वला जळत न्हाई. घरी न्या, वाळवा." आणि आमचे हाती परत दिला. सदरा कोरडा होता. दोन महिन्यांत त्यास पाणी लागले नव्हते.

मग आग लाविली. ती पेटली आणि पटांगणात भाजक्या पिठाचा वास सुटला. एकाने पिठाची रिकामी पोती आणली होती. दुसऱ्याचे बोचके उलगडले तो आत फाटकी गादीची खोळ. गुंडोपंतांनी आपल्या जुन्या अंगरख्यावर दौतीच्या शाईने सात काढिला होता, तोही घाईत, उलटा. आणि राऊबांचे बोचके वाऱ्याने उघडले, तो आत शेजारपेठेच्या संघाचा लाल सदरा, त्यावर नऊ आकडा. माणसे एकमेकांकडे पाहीनात. जो तो आगीकडे फार बारकाईने पाहू लागला.

इतक्यात राऊबांच्या कारभारीण हौसाक्का डोईवर पदर घेत पटांगणात आल्या आणि नवऱ्यास म्हणाल्या, "जाळलासा काय? मग घरी उशीखाली काय हाय ते? आनसावैनीचं लुगडं जाळायला निघालं हुतं म्हणं, मोठं आलं हुकूम काढणारं."

राऊबा म्हणाले, "हौसा, चारचौघांत बोलू नगं."

"चारचौघांत जाळता येतंय, बोलता येत न्हाई व्हय?"

तेव्हा प्रथम मास्तर हसले, मग मागचे हसले, आणि मग राऊबाही हसले, परंतु डोळे धुराने लाल जाहले होते असे ते पुढे सांगत. हा राज्यात एकच जाळपोळीचा कार्यक्रम असा जाहला की ज्यात जाळावयाचे ते एकही जळले नाही.

याचा अर्थ राऊबा निवळले असे कोणी समजू नये. वाटेत ते आम्हास स्पष्ट म्हणाले, "सदरा वैनीचा हाय म्हणून ऱ्हायला. त्यो पोरगा उद्या बसला तर हलगी वाजणार." आम्ही म्हटले, वाजवा. आणि मग चालता चालता नामा नावाड्याचे जे कृष्णाताने सांगितले होते ते आम्ही त्यांस सांगितले, जसेच्या तसे, वर काही न घालता. राऊबांनी ते सगळे ऐकून घेतले.

दुसरे दिवशी तिसरा सामना. आम्ही सदरा बरोबर नेला, आणि आमच्या डावीकडे तिच्या जागी दगडावर, पाठीचा आकडा वर करून, पसरून ठेविला. बँडवाल्यांनी वाद्ये उचलली. मैदानात कृष्णाताने गुडघा टेकला. पायरीवर चाळीसजण राऊबांच्या हलगीकडे पाहू लागले, की ती वाजली म्हणजे ओरडावयाचे. राऊबांनी डाव्या हाती हलगी धरली, उजव्या हाती टिपरू घेतले, आणि सवयीने शेजारी पाहिले. सदऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग टिपरू दातांत धरले, आणि वाकून उजवा हात सदऱ्याच्या खांद्यावर ठेविला. हलकाच ठेविला. एका हाताने हलगी वाजत नाही.

दक्षिणेकडून थोड्या शिट्ट्या आल्या, परंतु उत्तरपायरी गप्प राहिली म्हणून त्याही विरल्या. आणि तीन सामन्यांत प्रथमच गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आले. बँडाचा कर्णेवाला मध्ये एके ठिकाणी चुकतो, तेही ऐकू आले. गीत संपले, कृष्णात उठला, गुडघ्याची माती झाडली आणि आमच्या पायरीकडे एकवार पाहिले.

राऊबांनी दातांतले टिपरू काढले आणि ते ओरडले, "बघतोस काय मुडद्या, चेंडूकडं बघ." आणि मग सबंध सामनाभर त्यास ज्या शिव्या दिल्या त्या खेळाबद्दल दिल्या, दुसऱ्या कशाबद्दल नाही. तो पोरगाही त्या दिवशी शिव्यांच्याच लायकीचे खेळला. आम्ही एका गोलाने हरलो. रात्री पेठेत कोणी जेवले नाही.

येणेप्रमाणे हकीकत. तात्पर्य लिहावयाचे तर इतकेच की नामाच्या अर्जास दरबाराचे उत्तर अद्याप नाही. कृष्णात अद्याप गुडघा टेकतो. राऊबांस ते अद्याप आवडत नाही, आणि दर सामन्यास ते तसे बोलून दाखवितात. सदरा आमच्या डावीकडे असतो, आणि गीत चालू असेतोवर त्याच्या खांद्यावर हात असतो. धुतलेला नाही.