मक्याच्या पिशवीचा दहावा

कृष्णाकाठच्या त्या गावात विघटनशील प्लास्टिकची पिशवी वारली की तिचा दहावा घालावा लागे, आणि कावळा शिवल्याशिवाय दुकानदाराचं सुतक फिटत नसे.

इंदुमती खटावकरांच्या भडंगाच्या दुकानातल्या तीन पिशव्या वारल्या होत्या. तिघींना परसात वेगवेगळ्या खड्ड्यांत माती दिली होती. सुतकात भट्टी पेटवायची नाही, आणि उद्या तर गावची जत्रा. जत्रेत खटावकरांचं भडंग नाही म्हणजे अब्रूच गेली.

घैसास गुरुजींनी घाटावर तीन पिंड मांडले आणि प्रत्येकापुढं त्या त्या खड्ड्यातली माती ठेवली. नगरपालिकेचे तांबोळीसाहेब छत्री उघडून बसले. कावळा शिवला की नाही हे ठरवायचं काम त्यांचं.

पहिली पिशवी जिवाणूंनी घडवलेली. माणूस अंगावर चरबी धरतो, तसे काही जिवाणू पोटात प्लास्टिक धरतात, त्याची. गुरुजींचा मंत्र पुरा व्हायच्या आत कावळ्यानं चोच मारली. तिच्या मातीत मातीच होती.

"पुण्यवान," तांबोळीसाहेब म्हणाले. "मातीत जाते, पाण्यातही जाते. जाताना कुणाला ताप नाही."

दुसरी एका घाऊक व्यापाऱ्यानं 'आपोआप विरते' म्हणून गळ्यात मारलेली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. कावळा तिच्याकडं फिरकलाच नाही. साहेबांनी माती चिमटीत धरून उन्हात पाहिली.

"तुकडे झालेत, पण आहे सगळी. ही मेलेली नाही ताई, नुसती विखुरलीय."

"मग सुतक?"

"जितीचं सुतक कसलं? घरी न्या. सांभाळावी लागेल. तुमच्या नातवंडांनाही."

इंदुमतीनं ती माती बरणीत भरली आणि झाकण घट्ट लावलं.

तिसरी मक्याची. इंदुमतीचा खरा जीव हिच्यावर. अंगानं काचेसारखी नितळ, आतला शेंगदाणा न शेंगदाणा दिसायचा. पेट्रोलच्या कुळातली नाही, शेतातली. इंदुमती तिचं कौतुक करताना थकत नसे. आता कावळा आला, पिंडाशेजारी बसला आणि मान फिरवून नदी बघू लागला.

"काहीतरी राहिलंय तिचं," गुरुजी म्हणाले. "बोला काहीतरी."

इंदुमतीनं हात जोडले. "तुझ्या बहिणींना कधी उकिरड्यावर टाकणार नाही, बाई."

कावळा ढिम्म.

"दर वर्षी देवापुढं मक्याचं कणीस ठेवीन."

कावळ्यानं पंख साफ केले. ऊन कलू लागलं. गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू का?"

"माणसांना चालतो," साहेब म्हणाले. "पिशव्यांना नाही."

इंदुमतीला राहवेना. तिनं पिंडापुढच्या मातीत हात घातला. पिशवी तिथंच होती, अख्खी, तशीच नितळ. अंगाला मात्र बर्फासारखी गार.

तेव्हा तिला आठवलं. भट्टीची झळ लागली की ही लवायची. पोळतंय बिचारीला, असं वाटून इंदुमती तिला उचलून लांबच्या खुंटीवर टांगायची. रोज, मायेनंच. तिचे डोळे भरून आले.

"गुरुजी, ती भट्टीला भीत नव्हती हो. तिला ऊब हवी होती. आणि ती मेल्यावरही मी तिला गार खड्ड्यात घातलं."

तिनं पिशवी पदरात घेतली. "साखर कारखान्यामागं कंपोस्टचा ढीग आहे. आत हात घातला तर भाजतो. उद्या भट्टी पेटवायच्या आधी तुला तिथं ठेवते. शब्द देते."

कावळा शिवला. तांबोळीसाहेबांनी छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी जत्रा भरली, तरी खटावकरांची भट्टी थंडच होती. गिऱ्हाइकं ताटकळली. कुणीतरी साहेबांना विचारलं, "सुतक फिटलं ना त्यांचं?"

"फिटलं. पण बाई कारखान्यावर गेल्यात, पोचवायला."

"मग हरकत नाही," गिऱ्हाईक म्हणालं, आणि पायातल्या चपला काढून ओट्यावर टेकलं.