गरम डोक्याचा कॉम्प्युटर

गेम खेळायचा कॉम्प्युटर आपण स्वतः जोडणार, असं मेकॅनिकने जाहीर केलं तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. वीस वर्षं तो एसी आणि फ्रीज दुरुस्त करत आला होता. दवाखान्यातलं लशींचं थंड कपाट त्याने एकदा नुसत्या पक्कडीवर चालू करून दिलं होतं. पाच सुटे भाग एका डब्यात बसवणं त्याला काय जड? एका दुपारीत त्याने सगळं बसवलं, सोबत आलेली माहितीपुस्तिका खोक्यासकट माळ्यावर भिरकावली आणि बायकोला सांगितलं, "ज्याच्या हातात अक्कल नसते त्यानं पुस्तकं वाचावीत."

हा सगळा खटाटोप ताईसाठी होता. त्याची थोरली बहीण दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर होती. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं 'बरी आहेस ना', 'बरा आहेस ना' एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. मग ताईनेच हा किल्ल्यांचा खेळ शोधून काढला. दर रविवारी दुपारी चार वाजता दोघांनी कानाला हेडफोन लावून बसायचं, बारा-बारा बुरूज बांधायचे, फौजा जमवायच्या आणि शेवटी एकमेकांवर तुटून पडायचं. बुरूज बांधता बांधता बोलणं होई, आणि ते 'बरी आहेस ना'च्या बरंच पुढे जाई.

पहिल्या रविवारी दोन्ही फौजा भिडल्या आणि मेकॅनिकचा कॉम्प्युटर फट्कन बंद पडला. दुसऱ्या रविवारीही फौजा भिडल्या आणि पडदा काळा. तिसऱ्या रविवारी तेच झालं, तेव्हा ताईने फोन करून अगदी शांतपणे, दाढ काढायच्या आधी विचारतात तसं विचारलं, "छोटू, तू हरायला लागलास की तो बंद पडतो का रे?"

छोटू सेहेचाळीस वर्षांचा आणि शंभर किलोचा होता. कोण हरतंय ते यंत्राला कळत नाही, असं त्याने दात ओठ खाऊन सांगितलं. यंत्राला नसेल कळत, त्याच्या मालकाला कळतं, असं ताई म्हणाली. लहानपणी हरायची वेळ आली की सोंगट्यांचा पट कोण उधळायचं, हेही तिने विचारलं. मेकॅनिकच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने फोन कापला. आपण नेमकं पट उधळल्यासारखंच केलं, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ताईचा फोन लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सुटे भाग घेतले त्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानदार हाडकुळा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गरम होत असेल."

पोहण्याच्या मास्तरला कुणी 'तुम्ही बुडत असाल' म्हणावं, तसं मेकॅनिकला झालं. अर्ध्या गावाला गारवा पुरवतो मी, तो गरजला, आणि माझ्या घरातली वस्तू गरम होईल? तुमच्या डोक्यावरचा हा एसी कुणी बसवला? दुकानदाराने मान वर करून एसीकडे पाहिलं आणि तो मार्चपासून गळतो आहे, असं नम्रपणे सांगितलं. खाली बादली ठेवलेली होती. मेकॅनिकने ती आल्या आल्या लाथाडली होती, पण कशाची आहे ते विचारलं नव्हतं.

घरी येईस्तोवर त्याचा राग चपलेच्या तळापर्यंत पोचला होता. गरमच होतंय ना? ठीक आहे. आता या कॉम्प्युटरला असा गारठवतो की त्याला शिंका आल्या पाहिजेत. त्याने डब्याची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. ताई नसली तरी चालेल म्हणून खेळातल्याच फौजेशी लढून पाहिलं. बंद. मग त्याने आपल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेला चाकांचा एसी घरी ओढत आणला, त्याच्या तोंडाला मोठी पन्हाळीसारखी नळी चिकटपट्टीने बांधली आणि तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या पोटात खुपसलं. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तो स्वतः स्वेटर घालून, कानटोपी चढवून खेळायला बसला.

या वेळी लढाई चार मिनिटं जास्त टिकली. चार मिनिटं! तेवढ्यात त्याने मनातल्या मनात ताईला तीनदा माफी मागायला लावली. मग ज्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर एसी, पंखा आणि कॉम्प्युटर लावले होते त्याच्यातून जळका वास आला, एमसीबी पडून वीज गेली आणि अख्खं घर गप्प झालं.

त्या शांततेत आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्याची बायको एका प्रकाशनासाठी मुद्रितं तपासायची. खडकांवरच्या एका जाडजूड पुस्तकाची सूची ती सकाळपासून दुरुस्त करत होती, आणि ती सगळी सकाळ आता पडद्याबरोबर गेली होती. ती ओरडली असती तर मेकॅनिकला बरं वाटलं असतं. त्यालाही ओरडायला जोडीदार हवाच होता. पण तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं काढलं, खिडकीपाशी बसली आणि ती पुस्तिका पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. तो एमसीबीशी झटत असताना तिच्या पेन्सिलीची करकर चालू होती.

"सातव्या पानावर दोन चुका आहेत," शेवटी ती म्हणाली. "एक छापणाऱ्याची. दुसरी तुझी."

प्रोसेसरवर पंखा बसवण्याआधी पंख्याच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोलून काढावं, असं तिथे लिहिलं होतं. ठळक अक्षरांत.

मेकॅनिकने पंखा उचकटला. तळाला प्लास्टिक जसंच्या तसं होतं, कोपऱ्यात धरून ओढायला चिमुकली शेपटीसुद्धा होती. तीन आठवडे त्या प्रोसेसरची धग त्या पातळ प्लास्टिकला थडकून परत फिरत होती. रागवायला घरात एकच माणूस उरला होता आणि त्याला त्याने आजवर कधी रागवून पाहिलं नव्हतं.

पंख्याखाली लावायची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट आणायला पुन्हा त्याच दुकानात जावं लागलं. दुकानदाराने काही न विचारता पेस्ट दिली. हे जास्त झोंबलं. मेकॅनिकने मग शिडी मागून घेतली आणि त्याचा गळका एसी दुरुस्त करून दिला, तोही एक शब्द न बोलता.

रविवारी त्याने ताईला चार ओळींचा निरोप पाठवला, त्यात 'यंत्र' हा शब्द तीनदा आला. ती आली. फौजा भिडल्या. कॉम्प्युटर बंद पडला नाही. थंडपणे, सविस्तरपणे, अजिबात न अडखळता त्याने मेकॅनिकचे बुरूज एकेक करून पडताना दाखवले.

"दुरुस्त झाला वाटतं," ताई म्हणाली. "काय झालं होतं?"

आतला बिघाड होता, गुंतागुंतीचा, सांगून कळायचा नाही, असं तो म्हणाला. तेवढ्यात मागून चहा घेऊन आलेल्या बायकोने माइककडे वाकून सांगितलं, "प्लास्टिक काढलं नव्हतं हो ताई."

पलीकडे ताई हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हेडफोनमधून, खुर्ची करकरवत, श्वास लागेपर्यंत. मेकॅनिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताईच्या फौजेला मात्र कुणी हुकूम देणारं उरलं नव्हतं.

तेवढ्यात त्याने तिचा एक बुरूज पाडला. अकरा राहिले, आणि जिंकायला तेवढे तिला पुरले.