बेहिशेबी स्नायू

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अभिलेख कक्षाच्या अभिलेखपालांनी पंचवीस किलोचा कागदी गठ्ठा जमिनीवरून उचलून डोक्याच्या उंचीच्या फडताळात ठेवला. गठ्ठा सुटला नाही, फडताळ पडलं नाही, अभिलेखपालांना कोणतीही इजा झाली नाही. परीक्षण समितीच्या तिन्ही सदस्यांनी हे आपापल्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच दुपारी अभिलेखपालांची चौकशी सुरू झाली.

कार्यालयात त्यांना काडीभाऊ म्हणत. वय एकोणपन्नास, वजन बासष्ट किलो. त्यातला बराचसा वाटा हाडांचा, उरलेला चष्म्याचा. सव्वीस वर्षं ते लोकांचे जुने कागद शोधून देत आले होते. कोणाचा जन्माचा दाखला, कोणाच्या घराचा नकाशा कितव्या फडताळात आहे हे ते डोळे मिटून सांगत. अडचण फक्त वरच्या फडताळांची. तिथले गठ्ठे वरखाली करायला एक यंत्रगाडी होती. ती चार वर्षांपूर्वी बंद पडली. दुरुस्तीचा प्रस्ताव खालून वर गेला, वरून शेरा घेऊन खाली आला, खुलासा घेऊन पुन्हा वर गेला. अखेर वरिष्ठांच्या लक्षात आलं की यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा कर्मचारी दुरुस्त करणं सोपं आहे. अशा रीतीने 'स्नायुसंवर्धन योजना' जन्माला आली.

योजना साधी होती. प्रत्येकाने सहा महिन्यांत पंचवीस किलोचा गठ्ठा डोक्याच्या उंचीवर ठेवून दाखवायचा. त्यासाठी नेमका पंचवीस किलोचा गठ्ठा शोधण्यात आला. तो यंत्रगाडीच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार निघाला. जे नापास होतील त्यांची बदली 'हलक्या कामाच्या' शाखेत. ही शाखा नऊ तासांच्या अंतरावर होती, आणि तिथलं काम हलकं होतं कारण तिथे कोणी जातच नसे.

काडीभाऊंना बदली नको होती. त्यांच्या पत्नीचं शिवणकामाचं दुकान होतं, सतरा वर्षांत एकेक गिऱ्हाईक जोडून उभं केलेलं. "तुम्ही गेलात तर मी दुकान उचलून कुठे आणू?" ती म्हणाली. "आणि नाही आले तर तिकडे तुमच्या शर्टाची बटणं कोण लावेल? तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि निघालात स्नायू कमवायला!"

योजनेबरोबर भांडारातून पावडरचे डबे आले. रोज अकरा वाजता आणि चार वाजता तीन चमचे पावडर पाण्यात घुसळून प्यायची आणि भांडारपालांच्या रजिस्टरमध्ये सही करायची. पहिल्या दिवशी काडीभाऊंनी अकराचा पेला नाक दाबून रिचवला. साडेअकराला त्यांच्या पोटातून असा काही आवाज आला की खिडकीबाहेर उभ्या एका बाईंनी "सुरू झालं वाटतं यंत्र" म्हणून समाधान व्यक्त केलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर थोडा वेळ होते. तिसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे होते.

"दूध पचतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दूध पचतं, दही पचतं, अंडी पचतात. वरिष्ठांचे शेरेसुद्धा पचतात. फक्त ही पावडर पचत नाही."

"मग नका पिऊ. ज्यांना जेवायला सवड नाही त्यांच्या सोयीची वस्तू आहे ती, जादू नाही. तुमच्या वजनाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरेत. ती अन्नातून घ्या. एकदम नाही, दिवसभरात वाटून. आणि वजन उचला. नुसतं खाल्लंत तर दंड नाही येणार, पोट येईल."

"हे लिहून द्याल?"

"जेवा, असं लिहून देऊ?" डॉक्टर हसले. पण त्यांनी लिहून दिलं.

घरी पत्नीने ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला टाचली आणि मोहीम हाती घेतली. सकाळी तीन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध. दुपारी वाडगाभर घट्ट शिजवलेली मसूर आणि वर दही. चार वाजता, म्हणजे इतरांची पावडरीची वेळ, तेव्हा मोठी मूठभर भाजलेले शेंगदाणे. संध्याकाळी मासा, नाहीतर कोंबडी. दोन्ही नसतील तर हरभरे आणि आणखी दोन अंडी. "मसूर उरली आहे," असं काडीभाऊ म्हणाले की ती म्हणे, "उरली नाही, तुमची वाट बघते आहे." दर रविवारी ती दुकानातली टेप आणून त्यांचा दंड मोजी आणि आकडा गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिही, एका जाड बाईंचा झगा आणि एका नवऱ्या मुलाचा कोट यांच्या मध्ये.

व्यायामासाठी त्यांनी कुठली व्यायामशाळा गाठली नाही. दुपारच्या सुट्टीत दार लोटून ते गठ्ठेच उचलत. सुरुवात हरवल्या-सापडल्याच्या नोंदींपासून केली, कारण त्या हलक्या होत्या. सापडल्याच्या तर फारच हलक्या. दुसऱ्या महिन्यात ते तक्रारींवर आले. चौथ्यात घरांच्या नकाशांवर. सहाव्या महिन्यात पत्नीने टेप आवळली, पुन्हा सैल केली, चष्मा लावला आणि म्हणाली, "अहो, तीन सेंटिमीटर! सगळ्या शर्टांच्या बाह्या उसवायला लागणार मला." कामाचा वैताग दाखवायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

आणि मंगळवारी गठ्ठा वर गेला.

चौकशी अधिकारी बाई अत्यंत सरळ होत्या. त्यांनी कोणाकडून कधी चहासुद्धा घेतला नव्हता आणि कोणाचं काही ऐकूनही घेतलं नव्हतं. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एकावर काडीभाऊंच्या दंडाचा घेर, योजनेच्या सुरुवातीचा आणि आजचा. दुसरा भांडारपालांच्या रजिस्टरचा उतारा: अठरा डबे मंजूर, एक फोडलेला, सतरा भांडारात, सील शाबूत, सह्या एकूण दोन.

"म्हणजे सहा महिन्यांत तुमच्या शरीरात गेलेलं प्रथिन सहा चमचे," बाई म्हणाल्या. "आणि स्नायू तीन सेंटिमीटर. ज्ञात स्रोतांच्या मानाने ही स्नायुसंपदा जास्त होते. कुठून आणलीत?"

"जेवलो, मॅडम."

"जेवण हा स्रोत नमुन्यात नाही."

नमुना पुढे सरकवण्यात आला. त्यात रकाने होते: डब्याचा क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, सील तोडणाऱ्याचं नाव, सील तोडताना हजर असलेल्या साक्षीदाराचं नाव. काडीभाऊ जन्मभर नमुने भरत आलेले. त्यांनी हाही इमानेइतबारे भरायला घेतला. पहिल्या अंड्याच्या क्रमांकापाशी ते थांबले. सील तोडणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'पत्नी' लिहिलं.

त्यामुळे पत्नीला साक्षीला बोलावण्यात आलं. ती गळ्यातली टेप काढायचं विसरून तशीच आली.

"अंडी कुठून आणलीत?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन आहे अशी पुरवठादाराची लेखी हमी आहे?"

"पुरवठादार म्हणजे कोंबडी ना? ती अंडं घालून निघून गेली. हमी द्यायला थांबली नाही."

"विनोद नकोत बाई. नोंदीत जातात ते."

"जाऊ देत की. नोंदी तेवढ्याच वाचनीय होतील." तिने मापांची वही टेबलावर ठेवली. "हे बघा, दर रविवारचं माप आहे. आणि ही डॉक्टरांची चिठ्ठी. काय खायचं ते सगळं आहे तिच्यात."

बाईंनी चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली. "यात 'जेवा' असं लिहिलंय. 'जेवले' असं कुठेही नाही. सल्ला हा सेवनाचा पुरावा होत नाही."

"मग हे दंड कशाचा पुरावा आहेत?"

"तेच तर शोधायचंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

शक्यता तीन होत्या आणि त्या नोंदवण्यात आल्या. एक, काडीभाऊंनी बाहेरून पावडर आणली. तसं असेल तर मान्यता नसलेला माल शरीरात बाळगल्याचा ठपका. दोन, त्यांनी सहकाऱ्यांच्या डब्यांतून चोरून प्यायली. तीन, स्नायू खरे नाहीत. तिसऱ्या शक्यतेच्या पडताळणीसाठी समितीच्या एका सदस्याने काडीभाऊंचा दंड दाबून पाहिला आणि 'कठीण वाटतो, मत राखून' असा शेरा दिला.

दुसऱ्या शक्यतेसाठी मुख्य लिपिकांना विचारणा झाली. मुख्य लिपिकांच्या नावावर अठरा डबे होते आणि एकूण एक सही जागेवर होती. त्यांना गठ्ठा गुडघ्याच्या वर नेता आला नव्हता; पण रजिस्टर परिपूर्ण असल्यामुळे समितीने त्यांना 'अभिलेखानुसार सक्षम' ठरवून उत्तीर्ण केलं होतं. आपले डबे कोणी चोरलेले नाहीत, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. ते सगळे त्यांच्या घरी, बाथरूमच्या स्टुलाऐवजी रचून ठेवलेले असल्यामुळे त्यांना खात्री देता आली.

शुक्रवारी अंतरिम आदेश निघाला. स्नायूंचा स्रोत सिद्ध होईपर्यंत काडीभाऊंनी ते कार्यालयीन कामासाठी वापरू नयेत. वापरल्यास पुराव्यात फेरफार समजला जाईल, कारण वापराने स्नायू वाढतात. सोमवारी पाच वाजेपर्यंत स्रोत सिद्ध झाला नाही तर परीक्षेचा निकाल रद्द आणि बदली कायम.

भांडारपाल हा तसा जीव लावणारा माणूस. आदेश निघाल्यावर तो रजिस्टर बगलेत मारून काडीभाऊंच्या टेबलाशी आला आणि खुर्ची जवळ ओढून बसला.

"काडीभाऊ, अहो, किती ताणता? सहा महिन्यांच्या सह्या आहेत, तासाभराचं काम. मी डबे फोडतो, मोरीत ओततो. संपलं प्रकरण. तुमचे दंडही खरे, माझं रजिस्टरही खरं."

"रजिस्टर खोटं होईल ना पण."

"आत्ता ते काय आहे? आत्ता रजिस्टर म्हणतं तुम्ही काही खाल्लं नाही. हे खरं आहे का? नाही ना? मग एका खोट्याच्या जागी दुसरं. त्यातलं दुसरं निदान तुमच्या बाजूचं."

काडीभाऊंनी विचार केला. सव्वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या हजारो वेळा पडताळल्या होत्या. आपली चुकीच्या जागी एकदाही पडू दिली नव्हती. घरी त्यांनी पत्नीला सांगितलं. ती शर्टाची बाही उसवत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"सही केली तर मसूर, अंडी, शेंगदाणे, तुझे सहा महिने, सगळं कागदावरून पुसलं जाईल. कायमचं. म्हणजे पावडरने झालं असंच लिहिलं जाईल. पुढे कुणाला पावडर पचली नाही तर त्याला माझंच उदाहरण दाखवतील."

"आणि नाही केली तर?"

"तर नऊ तास लांब."

तिने बाहीची उरलेली शिवण उसवली. मग दोरा दातांनी तोडून म्हणाली, "माझ्या मसुरीचं नाव पुसायला मला आवडणार नाही. आणि तुम्ही गेलेलंही मला आवडणार नाही. दोन्ही सांगून झालं. आता तुम्ही बघा."

सोमवार उजाडला. वापरबंदीमुळे शुक्रवारपासून वरच्या फडताळांतला एकही कागद खाली आलेला नव्हता, आणि मुख्य लिपिक अभिलेखानुसार सक्षम असले तरी त्यांची कंबर धरलेली होती. खिडकीबाहेर रांग लागली. रांगेला प्रकरण कळायला दहा मिनिटं लागली, संतापायला पाच.

"काय हा मूर्खपणा!" एक निवृत्त शिक्षक म्हणाले. "माणूस जेवला याचा पुरावा मागतात? या लोकांना कोणीतरी ठणकावून सांगायला हवं."

"अगदी बरोबर," मागचे सगळे म्हणाले.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय हो सगळं," शिक्षकांनी खिडकीत डोकं घालून काडीभाऊंना सांगितलं. मग आवाज खाली आणला. "पण एक विचारू? माझा नकाशा त्या वरच्या गठ्ठ्यात आहे. उद्या मुदत संपते. तत्त्व वगैरे ठीकच आहे. करून टाका ना सही."

काडीभाऊंनी त्यांच्या मागे पाहिलं. एका बाईंनी मान डोलावली. "एक सहीच तर आहे," असं कोणीतरी म्हणालं. तेही कोणी खोडून काढलं नाही.

दुपारी साडेचारपर्यंतची माहिती अशी: रजिस्टर काडीभाऊंच्या टेबलावर उघडं आहे. पेन शेजारी आहे, टोपण काढलेलं. भांडारपालांनी पहिला सीलबंद डबा फोडून मोरीपाशी नेऊन ठेवला आहे, पण अजून ओतलेला नाही. रांग जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत गेली आहे. नवा माणूस येऊन उभा राहिला की पुढचे त्याला आधी सगळं प्रकरण समजावून सांगतात, व्यवस्थेला मिळून दोन शिव्या घालतात आणि मग त्याचं मत विचारतात. सकाळपासून एकोणसत्तर जणांना विचारून झालं आहे. सही करू नये, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

तुम्हीही आता प्रकरण ऐकलं आहे. रांगेच्या शेवटी जागा आहे.