साथीदाराला ब्रेक नसतो

मास्तर घराबाहेर पडले ते गाडीच्या मागच्या दिव्याचा बल्ब आणायला, आणि परत आले ते ‘सुसाट’चा नववा भाग काखेत मारून.

“मिळाला का बल्ब?” बायकोने विचारलं.

“नववा भाग आलाय,” मास्तर म्हणाले.

“बल्बचा?”

मास्तरांनी डबी टेबलावर ठेवली. डबीवरची लाल गाडी डोंगराच्या कड्यावरून जवळजवळ हवेत गेली होती. बायकोने आधी गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं आणि ती काही न बोलता गॅसवरच्या दुधाकडे गेली. (बायको काही बोलली नाही की मास्तरांना जास्त लागतं.)

‘सुसाट’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा नवा भाग येतो. रस्ते नवे, गाड्या नव्या, आणि खेळणाऱ्यांना घरच्यांची बोलणी मात्र जुनीच. पहिल्यापासून सातव्या भागापर्यंत सगळे भाग या घरात खेळले गेले होते. खेळायची ती थोरली लेक. मास्तर तिच्या डाव्या हाताला सोफ्यावर बसायचे आणि “सावकाश, पायलट, सावकाश” म्हणायचे. आठवा भाग आला तेव्हा थोरली नोकरीसाठी दूरच्या शहरात गेलेली होती. तो कुणी आणलाच नाही. सोफ्याच्या उजव्या बाजूला तिच्या बसण्याने पडलेला खळगा तेवढा राहिला. तिथे कुणी बसत नसे. बसलंच तर मास्तर म्हणत, “तिकडे स्प्रिंग टोचते हं.” स्प्रिंग वगैरे काही टोचत नव्हती.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शिकवणाऱ्याच्या. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते मास्तरांच्या वाट्याला क्वचितच येई. त्यांनी अख्ख्या वस्तीला गाडी चालवायला शिकवलं होतं. स्वतः मात्र जन्मभर ती थांबवत आले होते. लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. त्यांचा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजे. बसमध्ये बसले की समोरच्या सीटच्या पायाला ते ब्रेक मारत. दातांच्या डॉक्टरने मशीन तोंडाजवळ आणलं तेव्हाही त्यांनी ब्रेक मारला होता, आणि खुर्चीखालची बादली पार दारापर्यंत गेली होती.

या उजव्या पायामुळेच घरात एकदा मोठं महाभारत झालं होतं. थोरली गाडी शिकायला बसली तेव्हा मास्तरांनी पहिल्याच दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत इतके ब्रेक मारले की शेवटी ती रडकुंडीला आली. “बाबा, एकदा तरी मला चालवू द्या ना!” असं म्हणून ती खाली उतरली, आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. समोरच्या! ब्रेकमास्तरांची मुलगी! तिची शिकवणी चालू होती तोवर मास्तर स्कूलच्या मागच्या दाराने जा-ये करत होते.

आता तिच्याशी बोलणं व्हायचं ते फोनवर. “जेवलात?” “जेवलो. तू?” “जेवले.” “तब्येत?” “बरी.” मग दोन्हीकडे थोडं घसा खाकरणं. फोनवर बोलायला विषय लागतो. गेम खेळताना लागत नाही. मास्तरांना हे दुकानाच्या काचेपुढे उभं राहिल्यावर उमगलं, कारण डबीच्या पाठीवर लिहिलं होतं: ‘आता दोन शहरांतून, एकाच गाडीत!’ एकाने चालवायचं, दुसऱ्याने साथीदार म्हणून शेजारी बसून नकाशा बघायचा आणि पुढची वळणं सांगायची. शेजारी बसायचं! ज्या कुणी ही सोय केली त्याला मास्तरांनी मनातल्या मनात लायसन देऊन टाकलं.

धाकटीने डबी उघडून माहिती वाचली. ती शाळेत जाते, कमी बोलते आणि जास्त बघते.

“बाबा, साथीदाराला ब्रेक नसतो,” ती म्हणाली.

“मला ब्रेक हवाय कुठे?” मास्तर म्हणाले.

पुढे जे होतं ते झालं. नववा भाग जुन्या मशीनवर चालेना, म्हणून नवं मशीन आलं. नव्या मशीनला जोरदार नेट लागतं, म्हणून ते आलं. बोलायला कानावरचा हेडफोन आला. सगळं आलं आणि मशीनची वायर भिंतीपर्यंत पोहोचेना. तेव्हा बायकोने इस्त्रीसाठी आणलेला लांब वायरीचा विजेचा बोर्ड काढून दिला. तिची कंबर दुखते म्हणून त्या बोर्डाला पायाने दाबायचं गोल बटण होतं: एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की सुरू. बोर्ड सोफ्यापुढे जमिनीवर ठेवला गेला आणि वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून बायकोने त्यावर सतरंजी पसरली. खोली छान दिसायला लागली. सगळे बोर्ड विसरून गेले.

थोरलीनेही तिकडे नववा भाग घेतला, आणि रविवारी संध्याकाळी मास्तर भांग पाडून सोफ्याच्या डाव्या बाजूला बसले.

“बाबा, येतंय का ऐकू?”

आवाज अगदी कानात आला. शेजारी बसायची तेव्हाही ती इतक्या जवळून बोलली नव्हती. मास्तरांनी नकळत उजवीकडे पाहिलं. खळगा रिकामाच होता, पण पडद्यावर त्यांच्या उजव्या हाताला कुणीतरी हेल्मेट घालून बसलं होतं.

“सीटबेल्ट लावलास?” मास्तरांनी विचारलं.

“बाबा, गेम आहे हा.”

“म्हणून काय झालं?”

पलीकडे तिने जिभेने टक असा आवाज काढला. “घ्या, लावला.”

शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या धूळ उडवत केव्हाच गेल्या. मास्तर नकाशा बघून वळणं सांगू लागले, आणि काय आश्चर्य, मधल्या सरळ रस्त्यावर बोलणं आपोआप यायला लागलं.

“पुढे उजवं वळण. स्वयंपाक स्वतः करतेस?”

“कधी कधी. किती उजवं?”

“बरंच उजवं. कधी कधी म्हणजे? आणि इतर दिवशी?”

“इतर दिवशी ब्रेड. बाबा, वळण गेलं की!”

“जाऊ दे, पुढचं घे. नुसता ब्रेड?”

ती हसली. डोंगर सुरू झाला. गाडीने वेग घेतला, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “बाबा, एक सांगू? मला ना इथे कधी कधी...”

समोर केसांच्या आकड्यासारखं वळण आलं आणि पडदा काळा झाला.

पंखा फिरत होता, दिवा जळत होता. बंद पडलं होतं ते फक्त मशीन. “अरे, काय हे!” म्हणून मास्तरांनी पाय आपटला, आणि मशीन निमूटपणे सुरू झालं. (“त्याला जरा दम द्यावा लागतो,” असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं.) पण सगळं पुन्हा जागेवर येईपर्यंत बराच वेळ गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘चालक पुढे निघून गेला आहे.’

मास्तर त्या वाक्याकडे बघत राहिले.

फोन वाजला. “बाबा, काम निघालं का काही? असू दे,” थोरली म्हणाली.

“नाही गं, ते मशीनच... तू काय सांगत होतीस?”

“काही नाही. असंच.”

दुसऱ्या रविवारी तेच. तोच डोंगर, तेच वळण, तोच अंधार, आणि चालक पुन्हा पुढे निघून गेलेला. या वेळी फोनवर ती म्हणाली, “कंटाळलात तर तसं सांगा ना, बाबा. माझ्याकडे येतं इथे लिहून.”

“काय येतं?”

“जाऊ दे.”

मास्तर दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “काका, गेम झकास आहे. तुमच्याकडे विजेचा घोळ असेल.” वायरमन म्हणाला, “वीज ठणठणीत आहे. नेटवाल्याला धरा.” नेटवाला आला, “उठा बरं, काका,” म्हणून मास्तरांच्या जागेवर बसला आणि एकट्याने सगळा डोंगर चढून उतरला. मशीन हूं की चूं करेना.

“बघा! पळतंय की मस्त!”

मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. म्हणजे बिघाड गेममध्ये नाही, विजेत नाही, नेटमध्येही नाही. आपण बसलो की मात्र बंद पडतं. याचा अर्थ एकच. लेकच तिकडून बंद करते. आपण फार बोलतो, ब्रेडची चौकशी करतो, सावकाश सावकाश करतो. ती पूर्वी रस्ता ओलांडून गेली होती. आता बटण दाबून जाते.

त्या आठवड्यात त्यांनी शिकाऊ मुलांना एकही सूचना दिली नाही. दोन मुलांनी घाबरून स्कूलमध्ये विचारलं, “मास्तरांची तब्येत बरी आहे ना?”

तिसऱ्या रविवारी मास्तर तोंडात लवंग धरून बसले. लवंग असली की बोलता येत नाही. सतरंजीवर धाकटी पोटावर झोपून भूगोलाचा नकाशा रंगवत होती.

“उजवं,” मास्तर म्हणाले, आणि गप्प बसले.

“बाबा?”

“डावं.”

“काय झालंय? बोलत का नाही?”

मास्तरांनी मान हलवली. (हेडफोनमधून मान दिसत नाही.) थोरलीने बापाला बोलतं करण्यासाठी वेग वाढवला. पूर्वी एवढ्या वेगावर त्यांनी सोफा डोक्यावर घेतला असता. मास्तरांनी लवंग चावली. तिने आणखी वाढवला. डोंगर आला, दरी आली, आकड्यासारखं वळण आलं, आणि अंधार झाला.

मास्तर पाय आपटणार एवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण कानावर हेडफोन होता.

“बाबा, एकदाच खरं सांगा,” थोरली म्हणाली. आवाज पार ओला झाला होता. “माझ्या गाडीत बसायचं नाही ना तुम्हाला? दर वेळी त्याच वळणावर माझ्यासमोर येतं, ‘साथीदार गाडीतून उतरला’. अजूनही विश्वास नाही ना माझ्यावर?”

“उतरला?” मास्तरांची लवंग घशात गेली. “चालत्या गाडीतून उतरायला मी काय वेडा आहे? तूच पुढे निघून जातेस!”

“मी? मी थांबते, बाबा. तिथेच, वळणावर. गेमच मला मागे राहू देत नाही.”

तेवढ्यात जमिनीवरून धाकटीचा आवाज आला. घरातलं जग पायांच्या पातळीवरून बघणारी ती एकटीच होती.

“ताई,” ती म्हणाली, “बाबांनी ब्रेक मारला.”

तिने सतरंजीचं टोक उचललं. गोल बटण होतं आणि त्यावर बाबांचा उजवा पाय होता. अजूनही दाबलेला.

मग थोरली हसली. साधंसुधं नाही, पूर्वी सोफ्यावरून घसरेपर्यंत हसायची तसं. हसता हसता मध्येच नाक ओढल्याचाही आवाज आला. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत आली, बटणाकडे बघितलं आणि म्हणाली, “दोन आठवडे इस्त्रीवाचून राहिले मी. यासाठी?”

“आई, बोर्ड टीव्हीमागे ठेव,” थोरली म्हणाली. “आणि बाबांच्या पायाखाली उशी दे एखादी. काहीतरी दाबायला हवंच त्यांना, नाहीतर टीपॉय फोडतील.”

उशी आली. शर्यत पुन्हा सुरू झाली. डोंगर आला, मास्तरांचा पाय उशीवर गेला; दरी आली, पाय जरा रुतला; आकड्यासारखं वळण आलं, उशीचा पार पापड झाला. गाडी मात्र पळतच राहिली. त्या वळणापलीकडचा रस्ता मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला. खाली लांबवर एका शहराचे दिवे लागले होते.

“तू त्या दिवशी काय सांगत होतीस?” त्यांनी विचारलं.

तिने गाडीचा वेग जरा कमी केला. “काही नाही हो. मला ना इथे कधी कधी शेजारची सीट फार रिकामी वाटते. इतकंच.”

मास्तरांनी उजवीकडच्या खळग्यावर हात ठेवला. “पुढे सरळ आहे,” ते म्हणाले. “बराच वेळ सरळ आहे.”

ते सगळ्यांच्या शेवटी पोहोचले. बाकीच्या गाड्यांचे चालक बक्षिसं घेऊन बहुधा घरीही गेले होते. पण पोहोचले. मास्तरांचा ऊर भरून आला. बापाने लेकीचं कौतुक करायचं असतं, हे त्यांना एवढ्या वर्षांनी सुचलं.

“छान चालवतेस गं, पायलट,” ते म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ऊर भरला की माणूस थांबत नाही. “वळणावर काय हात आहे तुझा! शेवटी शिकवलंय कुणी?”

“समोरच्या स्कूलने, बाबा.”

मास्तरांनी कचकन ब्रेक मारला. पण गाडी केव्हाच थांबली होती.