बेडीतला अर्धा तास

रॅमिरो गार्सा फ्रिजच्या दांड्याला बेडीने अडकला होता, आणि अडकवणारी होती त्याची सहा वर्षांची मुलगी, आम्पारो. टेक्ससमधल्या त्या गावातले भलेभले चोर ज्याला टरकतात, तो पोलीस स्वयंपाकघरात फरशीवर गुपचूप बसला होता.

बसणारच. हा गृहस्थ घरातही हुकूमच सोडायचा, त्यामुळे नाताळपासून आम्पारो त्याच्याशी चकार शब्द बोलत नव्हती. समुपदेशक हॅस्केलबाईंनी सांगितलं होतं, "मुलीला नका दुरुस्त करू, दोघांमधलं नातं करा. अर्धा तास खेळायचं. राज्य तिचं. प्रश्न नाही, शिकवणं नाही. ती करेल ते फक्त बोलून दाखवा." खेळण्यांत एक बेडी ठेवा, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण घरात खरी असताना खोटी विकत कोण आणणार?

"तू मला अडकवलंस," रॅमिरो नियमाप्रमाणे म्हणाला.

आम्पारोने किल्ली सिंकच्या भोकात सोडली.

"किल्ली... सिंकमध्ये गेली." आवाज जरासा चिरकला, पण प्रश्न नाही म्हणजे नाही.

तेवढ्यात बायको एलेना आली आणि दूध काढायला तिने फ्रिज उघडला. दारासोबत नवराही सरकत आला.

"हे काय चाललंय?"

"खेळ."

"आणि ड्युटी?"

"तीही आत्ताच आहे."

एलेनाने घाबरून ठाण्यावर फोन केला. गाडीचा भोंगा वाजवत त्याचा सहकारी पोलीस डॅरेल आला, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड.

"काय रे, कोणी पकडलं तुला?"

आम्पारोने फरशीकडे बोट दाखवलं. डॅरेल निमूट मांडी घालून बसला. तिने समोर ठेवलेला रिकामा, इवलासा कप त्याने फुंकर मारून प्यायला.

मग ती बापाच्या मोकळ्या बाजूच्या खांद्यावर डोकं टेकून बोलली. अगदी सहज, जणू मधले महिने नव्हतेच.

"पप्पा आता ड्युटीवर जाणार नाही. मी पकडलंय त्याला."

एलेनाच्या हातातलं दूध हातातच राहिलं. रॅमिरोने तर श्वासही हळू घेतला, ते डोकं खांद्यावरून हलू नये म्हणून.

"तू मला पकडलंस," तो म्हणाला. या वेळी नियमाची आठवण करावी लागली नाही.

डॅरेल त्याच्या कानाशी वाकला. "अरे बाबा, तुझी दुसरी किल्ली तर तुझ्या खिशातच आहे. दोरी बाहेर लोंबतेय."

"हळू बोल," रॅमिरो कुजबुजला. "तिला कळलं तर सोडून देईल मला."