दादांची शेवटची कविता

शोकसभेत सगळे रडत होते, टपालबाबूंना मात्र दरदरून घाम फुटला होता. मासिकाचे संपादक दादांची शेवटची कविता वाचून दाखवत होते आणि ती कविता टपालबाबूंची होती.

टपाल कचेरीत शिक्के मारता मारता बाबूंनी उभं आयुष्य कविता लिहिल्या. दादा त्यांचे गुरू. दादांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आवडलेली कविता आधी आपल्या हाताने उतरवून काढायची. हात मोकळा झाला की मग स्वतःची लिहायची." बाबू रोज दादांची कविता उतरवत. हात मोकळा व्हायचा, पण धावायचा दादांच्याच वाटेने. संपादक प्रत्येक कविता एकच शेरा मारून परत पाठवत: दादांची छाया गडद. स्वतःचं लिहा.

मग बाबूंची आई गेली. तिच्या रिकाम्या खाटेविषयी त्यांनी एक कविता लिहिली आणि तिच्यात दादा औषधालाही नव्हते. जन्मात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं झालं होतं. ती एकुलती एक प्रत बाबूंनी भीतभीत दादांच्या हातात दिली. "ठेव, बघतो," एवढंच दादा म्हणाले आणि काही दिवसांत तेही गेले.

"ही कविता दादांच्या टेबलावर त्यांच्याच अक्षरात सापडली," संपादक चष्मा पुसत म्हणाले. "या वयात इतका नवा सूर! त्यांच्या शिष्यांना हे कधी जमलं नाही." सगळा हॉल बाबूंकडे वळून बघायला लागला.

सभा संपल्यावर बाबूंनी संपादकांना जिन्यात गाठलं. "साहेब, ती कविता माझी आहे."

"आपल्या सगळ्यांचीच आहे हो."

"तसं नाही. मी लिहिलीय. ती खाट माझ्या आईची आहे."

"अगदी! वाचताना मलाही माझीच आई दिसली." संपादकांनी त्यांना मिठी मारली आणि ते रडत रडत जिना उतरले.

बाबू तडक दादांच्या घरी गेले. वहिनी दादांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसल्या होत्या.

"वहिनी, माझा कागद कुठंय?"

"त्यांच्या उशाखाली होता. त्यांना शेवटचं नेताना त्यांच्या खिशात घातला मी." वहिनींनी आवाज खाली आणला. "भाऊजी, कुणाला बोलू नका. कित्येक वर्षांत त्यांना एक ओळ सुचली नव्हती. शेवटी शेवटी रोज सकाळी तुमची कविता उतरवून काढायचे. हात मोकळा करायला म्हणून. मग कोरा कागद पुढ्यात घेऊन दुपारपर्यंत बसून राहायचे."

बाबू त्या खुर्चीजवळ गेले.

"तुमचं नुकसान झालंय, कळतंय मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तर उद्याच संपादकांना खरं काय ते सांगते."

"राहू द्या, वहिनी," बाबू म्हणाले. मग ते दादांच्या खुर्चीला धरून ओक्साबोक्शी रडले.

काही महिन्यांनी बाबूंनी त्याच नव्या सुरात दुसरी कविता लिहिली आणि मासिकाला धाडली. ती परत आली. त्या पाकिटावर शिक्का मारायची पाळीही त्यांचीच होती. तो नीट मारून त्यांनी पाकीट फोडलं आणि शेरा वाचला.

"दादांच्या शेवटच्या कवितेची छाया गडद. स्वतःचं लिहा."