थोरली नदीच्या नावाची व बारा गावांची हकीकत

श्री जळरूप जे दैवत, ज्याचे पायी शेत, गुरे आणि माणसे जगतात, त्यास प्रथम साष्टांग नमन करून लिहिणार लिहितो ऐसे की, शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, थोरली नदीचे ऐलतीरी, म्हणजे दक्षिणेस, आमचे महाराज राज्य करीत होते आणि पैलतीरी, म्हणजे उत्तरेस, पैलचे हुजूर राज्य करीत होते. नदी पश्चिमेच्या डोंगरांतून निघोन पूर्वेस समुद्रास जाते, आणि उभय राज्यांच्या वडिलांनी पूर्वी तह केला होता की, "थोरली नदी हीच शीव; ऐल ते तुमचे, पैल ते आमचे." तह बहुत दिवस सुखरूप चालिला. परंतु संगमापासून वर नदीच्या धारा दोन आहेत, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची, आणि दोहोंच्या मध्ये बारा गावांची पट्टी आहे. महाराज म्हणत, उत्तरेची धार ती थोरली, सबब पट्टी आमची. हुजूर म्हणत, दक्षिणेची धार ती थोरली, सबब पट्टी आमची. एका नावाचे वादावरून दोन्हीकडील फौजा संगमावर येऊन उतरल्या, तोफा वाळूत मांडल्या, आणि पट्टीतील लोकांनी उभी ज्वारी सोडून गुरे रानात नेली.

तेव्हां महाराजांनी विचार केला आणि हुजुरांकडे वकील पाठविला की, "लढाईस दिवस पुष्कळ आहेत. आधी नदी मोजू. जी धार लांब ती थोरली. उभयतांचा एकेक जाणता माणूस एकाच दोराने मोजील, म्हणजे संशय राहणार नाही." हुजुरांनी मान्य केले. मग महाराजांनी सखो मुद्गल नकाशनवीस, ज्यांस सर्व पंत म्हणत, यांस नेमिले. वय पन्नाशीचे, शरीराने किरकोळ, परंतु हात ऐसा की काढिलेली रेघ पुन्हा पुसावी लागत नसे. पैलकडून शेख लतीफ मोजणीदार आले. गृहस्थ धिप्पाड, बोलणे थोडे, आणि सर्व कागद मेणकापडाच्या थैलीत घालून काखेस बाळगीत.

प्रथम दोघे उत्तरेच्या धारेने चालिले. दोराचे एक टोक पंतांचे हाती आणि दुसरे शेखजींचे हाती, आणि मध्ये बोलणे म्हणाल तर "ताणा" आणि "झाले" इतकेच. ज्याने त्याने आपापले टिपण करावे, आपापली चूल मांडावी आणि पाठ फिरवून जेवावे, ऐसे एकवीस दिवस गेले. धार लहान होत होत एका उंबराचे मुळाशी गेली, तेथे बोटाएवढे पाणी दगडांतून येत होते. मोजणी एक्केचाळीस कोस भरली. तेथून डोंगराच्या पायवाटेने उतरोन पुन्हा संगमावर आले आणि दक्षिणेची धार धरिली.

सातव्या कोसावर उतार, म्हणजे पायी नदी ओलांडावयाची जागा, लागला. पाणी गुडघाभर दिसे, परंतु तळी शेवाळ आणि ओढ विलक्षण. काठी कोंडाई म्हणोन तर, म्हणजे लोकांस पार नेणारी नाव, चालविणारी एक बाई होती. नवरा वारल्यापासून नाव तीच हाकी. तिने हाक मारिली, "अहो पंत, तिकडून नका जाऊ, नाव आणते!" पंत म्हणाले, "मोजणीचा दोर नावेतून ताणता येत नाही, बाई." आणि आपले टिपण काठावर ठेवोन, दोर कमरेस बांधोन पाण्यात उतरले. मध्यावर पाय सरकला आणि पंत वाहोन चालिले. शेखजी खडकावर उभे होते, एका हाती दोर आणि दुसरे हाती थैली, आणि ओढ ऐसी की एका हाताने दोर राहीना. थैलीत महिन्याचे काम होते. शेखजींनी थैली पाण्यात टाकिली, दोन्ही हातांनी दोर धरिला आणि ओरडले, "पंतजी, तोंड वर ठेवा! मी सोडत नाही!" तळहाताचे कातडे दोरास लागोन निघाले, परंतु दोर सुटला नाही, आणि कोंडाईने नाव आणोन पंतांस केसांस धरोन वर घेतले.

पंतांस ताप भरला. नऊ दिवस कोंडाईचे झोपडीत पडोन होते, आणि शेखजी पट्टी बांधलेल्या हातांनी त्यांस पेज पाजीत. शुद्धीवर आल्यावर पंतांनी पहिली गोष्ट विचारिली, "थैली?"

"गेली समुद्रास," शेखजी म्हणाले. "आपल्यापेक्षा लवकर पोहोचेल."

पंत रडो लागले. "शेखजी, तुम्ही धन्यास काय उत्तर द्याल?"

"ते मग पाहू. आधी पेज घ्या, थंड होते आहे."

तेव्हांपासून दोघांची चूल एक जाहली. ऐसेच बोलता बोलता पंतांनी कोंडाईस पुसिले, "मावशी, तुम्ही या धारेस थोरली म्हणता ना?" ती हसोन म्हणाली, "हिला? ही बाणाई. उत्तरेची ती तानी. थोरली कुठे आहे इथे? दोघी भेटल्या की खाली थोरली होते. माझ्या सासूनेही हेच सांगितले मला." दोघांनी ते टिपून घेतले. पुढे प्रत्येक गावी राखणीस राहिलेल्या म्हाताऱ्यांस विचारिले, आणि सर्वत्र तेच उत्तर आले.

मग बाणाई मोजीत वर गेले. उगम डोंगरमाथ्यावर खडकाच्या खळग्यात होता. शेखजींनी तेथे वजू केले, पंतांनी आचमन केले, आणि जिवंत आहो म्हणोन दोघे पुष्कळ वेळ त्या पाण्याजवळ बसोन राहिले. मोजणी शेहेचाळीस कोस भरली, म्हणजे दक्षिणेची धार लांब, म्हणजे ठरल्याप्रमाणे पट्टी पैलची.

फाल्गुन मासी संगमावर परत आले. आमचे सरनौबत सुभानजी यांनी पंतांस डेऱ्यात बोलावोन हळूच म्हटले, "पंत, तानीचे टिपण आता फक्त तुमच्याजवळ. एक्केचाळीसाचे एक्कावन्न लिहा. त्या शेखाची तोंडी साक्ष कोण मानतो?"

पंत म्हणाले, "सुभानजी, ज्या हातांनी हे अक्षर लिहावयाचे, ते हात त्या माणसाने पाण्यातून बाहेर काढिले. ते खोटे लिहिणार नाहीत."

"मग बारा गावे तुमच्या नावाने गेली म्हणून लोक थुंकतील."

"थुंकोत," म्हणोन पंत निघाले, आणि शेखजींचे डेऱ्यात जाऊन तानीचे सर्व टिपण त्यांस स्वहस्ते उतरवून दिले. शेखजींनी ते कागद कपाळास लाविले.

दुसरे दिवशी संगमाचे वाळूत दरबार भरला. महाराज आणि हुजूर समोरासमोर बसले. पंत उभे राहोन म्हणाले, "उत्तरेची एक्केचाळीस, दक्षिणेची शेहेचाळीस. दक्षिणेची लांब." आमच्या मंडळींच्या माना खाली गेल्या, आणि पैलच्या फौजेत नगारा वाजू लागला. इतक्यांत शेखजी पुढे आले, आपले धन्यास मुजरा केला आणि म्हणाले, "हुजूर, नगारा थांबवावा. मोजणी खरी आहे, परंतु ती पुरी हकीकत नव्हे. तहात थोरली लिहिले आहे. बाराही गावे फिरलो. या दोन धारांस तेथे कोणीच थोरली म्हणत नाही. खोटे असेल तर माझी मान हजर आहे."

पैलचे दिवाण संतापोन म्हणाले, "लतीफ, तू कोणाचे मीठ खातोस?"

"आपलेच, साहेब. म्हणोनच खोट्याचे बळावर आपणांस गावे घेऊ देत नाही."

मग कोंडाईस बोलाविले. ती दरबार पाहोन प्रथम बिचकली, परंतु महाराज स्वमुखे म्हणाले, "आई, भिऊ नको. तुम्ही गावचे लोक जे म्हणता तेच सांग." तेव्हां ती म्हणाली, "महाराज, ही तानी, ही बाणाई, आणि तुम्ही बसला आहात तिथून खाली थोरली. आमची गुरे तानीवर पितात, आमची मढी बाणाईच्या काठी जळतात, आणि लेकी दोन्ही राज्यांत दिल्या आहेत. तोफ कुणीकडची सुटली तरी जावई आमचाच मरेल."

हे ऐकोन महाराज उठले, आणि हुजुरांजवळ जाऊन म्हणाले, "वडिलांनी शीव जेथवर लिहिली तेथवर ती आहे. वर त्यांनी लिहिली नाही, आपण का लिहावी? पट्टीत तुमची फौज नको, माझीही नको." हुजुरांनी क्षणभर विचार केला आणि हात पुढे करोन म्हणाले, "कबूल." त्याच दिवशी तोफा मागे फिरल्या. महाराजांनी आपले खांद्यावरील शेला काढोन शेखजींस पांघरविला, आणि हुजुरांनी पंतांस आपला घोडा दिला. पंतांस घोड्यावर बसता येत नसे, सबब ते लगाम धरोन चालतच घरी आले. पट्टीतील लोक गुरे घेऊन परतले, आणि ज्वारी पाखरांनी अर्धी खाल्ली होती ती अर्धी कापिली.

महाराजांनी पुसिले, "पंत, काय देऊ?" पंत म्हणाले, "नकाशात सर्व नावे जेथल्या तेथे लिहू द्यावी, आणि बाणाईचे सातवे कोसावरील उतारास नाव नाही, त्यास लतीफउतार लिहू द्यावे." ते मंजूर जाहले. कोंडाईस हे कळले तेव्हां ती म्हणाली, "आणि नाव कोणी आणली होती?" मग पंतांनी शेजारी बारीक अक्षरांत "कोंडाईची तर" हेही लिहिले.

तात्पर्य इतकेच की, नदी एक, नावे तीन, आणि तिन्ही खरी. हे लिहिणार त्याच पट्टीतला, पुढे महाराजांचे चाकरीस राहिलेला. बापाने परतोन ज्वारी कापिली, त्याचे लग्न वैशाखात बाणाईकाठी लागले, आणि लिहिणार पुढील साली जन्मला. ते दोन गृहस्थ आपापल्या धन्यापुढे खरे बोलिले म्हणोन हे अक्षर लिहावयास हात आहे. त्या उभयतांस, त्या बाईस, आणि तिन्ही नावांच्या त्या पाण्यास लिहिणाराचा दंडवत.